पडीक म्हटलेल्या रानातील रहिवासी

अंबाजोगाईविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक लेखन योगेश्वरीचे मंदिर, परंपरेने शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' रचणारे मुकुंदराज आणि त्यांची डोंगरदरीतील समाधी, दासोपंतांची पासोडी आणि हत्तीखाना या नावाने ओळखली जाणारी कोरीव लेणी यांच्याभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण मराठवाड्यातील फार थोड्या गावांना इतका सलग वाङ्मयीन व धार्मिक इतिहास लाभला आहे. मात्र ज्या डोंगरकडांनी, घळींनी आणि माळांनी या इतिहासाला जागा दिली, त्यांत राहणाऱ्या जीवसृष्टीची नोंद या लेखनात क्वचितच सापडते. त्यामुळे या परिसरात एखादा वन्यप्राणी आढळला की तो चुकून आला असावा, असा समज सर्वांत आधी होतो आणि त्याचे येथे असणे हीच बातमी ठरते. हे आश्चर्य कोठून येते, त्यातील किती भाग प्राण्यामुळे आणि किती भाग पाहणाऱ्याच्या अपुऱ्या ओळखीमुळे निर्माण होतो, आणि त्यातून कोणती जबाबदारी उभी राहते, याचा विचार, अंबाजोगाई ज्या रांगेत वसले आहे त्या बालाघाटाच्या संदर्भात करणे अगत्याचे आहे.

हरिश्चंद्रगडाकडून आग्नेयेला उतरत आलेली बालाघाटाची रांग अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतून जाते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार घडले, आणि त्या थरांची झीज होऊन सपाट माथ्याचे डोंगर, पायऱ्यापायऱ्यांचे उतार आणि अचानक खोल जाणाऱ्या घळी अशी या रांगेची आजची ठेवण तयार झाली. माथ्यावर मातीचा थर पातळ असतो आणि त्याखाली लगेच मुरूम लागतो. पाऊस बेताचा व लहरी असतो. त्यामुळे येथे उंच, दाट अरण्य कधी सर्वदूर पसरले नाही. उतारांवर धावडा, सालई, खैर, आपटा अशी पानगळीची झाडे, बोरी-बाभळीची खुरटी झुडपे, आणि माथ्यावर पवना, कुसळी यांसारख्या गवतांचे माळ, असे येथील वनस्पतिजीवनाचे स्वरूप आहे. पावसाळ्यातील तीन-चार महिने हिरवा आणि उरलेला काळ पिवळा-करडा दिसणारा हा प्रदेश पाहणाऱ्याला उजाड वाटतो. परंतु कोरड्या ऋतूत निष्पर्ण होणे ही या झाडांची आणि जमिनीखाली मुळे जिवंत ठेवून वर वाळून जाणे ही या गवतांची तगून राहण्याची रीत आहे.

या डोंगरांची आज सर्वत्र परिचित असलेली खूण म्हणजे सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणवत्तेमुळे त्या प्रदेशाचे नाव वापरण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. वस्तुतः हे झाड मूळचे अमेरिका खंडातील असून त्याची पाने शेळ्या-गुरे सहसा तोंडी लावत नाहीत, म्हणूनच अतिचराईने इतर रोपे खुरटून गेलेल्या उतारांवरही ते टिकून राहिले. गर खाऊन बिया दूरवर टाकणारे पक्षी आणि उदमांजरासारखे निशाचर प्राणी त्याच्या प्रसाराला हातभार लावतात. ज्याला बालाघाटाचा स्वतःचा मेवा म्हटले जाते ते झाड परदेशी निघावे, आणि ज्यांना परके मानले जाते ते प्राणी मात्र येथले जुने रहिवासी निघावेत, यावरून या भूमीविषयीची सर्वसाधारण समजूत किती वरवरची आहे हे लक्षात येते.

अशी समजूत घडवण्यात जमिनीच्या सरकारी वर्गीकरणाचा मोठा वाटा आहे. महसुली व्यवहारात पिकाखाली नसलेली जमीन पडीक ठरते, गावाच्या सामाईक चराईसाठी राखलेली जमीन गायरान म्हणून नोंदली जाते, आणि देशपातळीवर उपग्रहचित्रांच्या आधारे तयार झालेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही गवताळ माळ व झुडपी रान यांचा मोठा भाग याच सदरात घातला गेला. एखादी जमीन पडीक ठरली की तिच्यावर झाडे लावणे, चर खणणे, सौरपट्ट्या किंवा पवनचक्क्या उभारणे हे सर्व केवळ सुधारणाच मानले जाते; तेथे आधीपासून काही नांदत असेल, ही शक्यता विचारात घेण्याची गरजच उरत नाही. गवताळ प्रदेश ही स्वतंत्र परिसंस्था आहे, म्हणजे माती, हवामान, वनस्पती आणि प्राणी यांचे परस्परावलंबी नाते तेथे हजारो वर्षांत जुळून आलेले आहे, आणि झाडांची विरळता हा तिचा दोष नसून तिचे लक्षण आहे, ही जाणीव आपल्याकडे अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर अजून पुरेशी पोचलेली नाही.

या परिसंस्थेच्या शिरोभागी असलेला प्राणी म्हणजे लांडगा. दख्खनच्या मोकळ्या माळांवर काळवीट, ससे आणि मेंढ्या-शेळ्या यांच्यावर गुजराण करणारा हा प्राणी दाट जंगल टाळतो, मुरमाड बांधात किंवा दुसऱ्या प्राण्याने सोडलेल्या बिळात पिलांना जन्म देतो आणि दिवसा गवताच्या रंगात असा मिसळून राहतो की, शेजारच्या वाटेने जाणाऱ्यालाही त्याचा पत्ता लागत नाही. अलीकडच्या अभ्यासानुसार भारतात प्रौढ लांडग्यांची संख्या सुमारे तीन हजार असावी, म्हणजे ज्या वाघाच्या संवर्धनावर इतका भर दिला जातो त्याच्या संख्येहून ती फारशी वेगळी नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने असेही दाखवले की, भारतीय लांडग्याचा वंश हा जगातील हयात लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन वंशांपैकी एक आहे. इतका जुना वंश मोठ्या प्रमाणावर संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर, शेते, गायराने आणि मेंढवाडे यांच्या मधल्या जागेत टिकून आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत असुरक्षितही आहे. मोकाट कुत्र्यांकडून होणारे रोगसंक्रमण आणि कुत्र्यांशी होणारा संकर हे त्याच्यापुढील नवे धोके आहेत. पुणे जिल्ह्यातील गवताळ भागात अशा संकराचा जनुकीय पुरावा मिळाल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. बालाघाटाच्या माथ्यावर एखाद्या फिरस्त्याला लांडगा दिसला तर त्याला तो अनपेक्षित वाटतो, परंतु पिढ्यान्‌पिढ्या त्याच माळावरून मेंढ्या नेणाऱ्या धनगराच्या दृष्टीने तो शेजारी आहे, उपद्रवी असला तरी परिचित.

लांडगा निदान नावाने तरी सर्वांना ठाऊक असतो. परंतु पायाखालच्या खडकावर बसलेला जीव शास्त्रालाही नीट ठाऊक नसावा, असे याच दख्खनच्या पठारावर घडले आहे. कोरड्या, दगडाळ माळांवर गळ्याखाली पंख्यासारखी उघडणारी कातडी असलेले सरडे आढळतात. उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, नर उंच दगडावर चढून निळा, काळा आणि नारिंगी रंग असलेला हा पंखा वारंवार फुलवतो, आणि त्यातून मादीला आमंत्रण व दुसऱ्या नराला इशारा अशी दोन्ही कामे साधतो. दीर्घकाळ असे सर्व सरडे मोजक्याच ज्ञात जातींत मोडतात असे मानले जात होते. परंतु २०१६ मध्ये दीपक वीरप्पन, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीररचना व जनुके यांचा एकत्रित अभ्यास करून त्यांपैकी काही सरड्यांसाठी एक नवी प्रजाती, म्हणजे निकटच्या जातींचा स्वतंत्र गट, मांडली आणि तिला 'सरडा' हेच मराठी नाव शास्त्रीय नाव म्हणून दिले. या गटातील एक जात एकोणिसाव्या शतकातच वर्णिली गेली होती, तर दोन जाती शास्त्राला सर्वस्वी नव्या होत्या. हे सरडे दुर्गम अरण्यात दडलेले नव्हते. गुराख्यांच्या रोजच्या वाटांवर ते उघड्या दगडांवर बसत होते, आणि तरीही त्यांच्यातील भेद ओळखायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

यांपैकी एका जातीचा पुढील अभ्यास बालाघाटालाही लागू पडेल असा आहे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पवनचक्क्यांच्या परिसराची तुलना पवनचक्क्या नसलेल्या परिसराशी केली, तेव्हा पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण पुष्कळ कमी आणि सरड्यांची दाटी अधिक असल्याचे आढळले. इतकेच नव्हे, तर शत्रूची भीती कमी झाल्याने आणि आपसातील स्पर्धा वाढल्याने त्या सरड्यांच्या वागणुकीत व शरीरस्थितीतही फरक पडला होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा अर्थ असा की, आकाशात केलेला हस्तक्षेप जमिनीवरच्या जिवापर्यंत पायरीपायरीने उतरतो. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील बालाघाटावर आज मोठ्या संख्येने पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत, आणि त्याच माळांवर हिवाळ्यात मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून भोवत्या हे शिकारी पक्षी उतरतात, दिवसभर नाकतोडे व उंदीर टिपतात आणि रात्री गवतात समूहाने जमिनीवरच मुक्काम करतात. स्वच्छ ऊर्जेची गरज निर्विवाद आहे. तथापि जेथे यंत्र उभे राहणार आहे तेथे आधी कोण राहते, हे पाहण्याची पद्धत तितकीच निर्विवाद असायला हवी.

आधीपासून असलेले आणि उशिरा ओळखले गेलेले जीव हा अनपेक्षित भेटींचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार दुरून चालत आलेल्यांचा आहे. अंबाजोगाईहून मांजरेचे खोरे ओलांडून नैर्ऋत्येला गेले की धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्य लागते. १९९७ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील स्वयंचलित कॅमेऱ्यात, म्हणजे समोरून जाणाऱ्या प्राण्याच्या हालचालीने आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या यंत्रात, एक नर वाघ दिसला. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असते, आणि ती जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून सुमारे ४५० ते ५०० किलोमीटरचे अंतर कापून आल्याचे निष्पन्न झाले. ज्या भागात वाघाची गोष्ट आजोबा-पणजोबांच्या आठवणींपुरती उरली होती, तेथे त्याने पुढचे काही महिने येडशी-बार्शी परिसरात मुक्काम केला, गुरे मारली आणि वन विभागाच्या पथकांना सातत्याने हुलकावणी दिली.

या घटनेकडे केवळ नवल म्हणून पाहिल्यास तिचा अर्थ निसटतो. टिपेश्वर सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे असून तेथे वाघांची संख्या वाढल्यावर तरुण नरांना स्वतःचे क्षेत्र शोधत बाहेर पडावेच लागते. त्याच टिपेश्वरचा एक वाघ मार्च २०२१ मध्ये अजिंठ्याच्या डोंगरातील गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात पोचला होता, आणि त्याआधी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर बसवलेला दुसरा एक वाघ बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. त्याची एकूण भटकंती तीन हजार किलोमीटरहून अधिक भरली. तेव्हा येडशीचा वाघ हा अपवाद नसून एका प्रवाहाचा भाग ठरतो. यवतमाळपासून बालाघाटापर्यंत सलग जंगल कोठेही नाही. जी वाट त्याने शोधली ती ओढ्यांच्या काठची झाडी, उसाचे फड, वनखात्याचे विखुरलेले तुकडे आणि पडीक म्हणून नोंदलेली राने यांना जोडत गेलेली असणार. माणसाच्या नकाशात ज्या जागा निरुपयोगी आहेत, त्यांनाच त्या प्राण्याने रस्ता मानले. बीड जिल्ह्याच्या पश्चिम भागात, पाटोदा तालुक्यात, १९९४ मध्ये घोषित झालेले नायगाव मयूर अभयारण्य सुमारे ३० चौरस किलोमीटरचे आहे. येडशी व नायगाव यांसारखी लहान अभयारण्ये एकेकटी पाहिली तर मोठ्या प्राण्याला अपुरीच ठरतात, परंतु त्यांच्या मधले माळ आणि घळी अबाधित राहिल्या तर ती एका लांब वाटेवरील मुक्कामाची ठिकाणे होऊ शकतात.

अनपेक्षित भेटीचा तिसरा प्रकार हरवलेल्यांच्या पुनर्शोधाचा आहे, आणि त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोधप्रद उदाहरण रानपिंगळ्याचे आहे. एकोणिसाव्या शतकात वर्णिल्या गेलेल्या या लहान घुबडाचे जगभरच्या संग्रहालयांत अवघे सात नमुने होते आणि तो नामशेष झाला असावा असे बहुतेकांनी धरले होते. १९१४ मधील एक नमुना गुजरातमधील असल्याची नोंद रिचर्ड माइनर्टझहागन या संग्राहकाच्या नावे होती, आणि त्या नोंदीमुळे नंतरच्या शोधमोहिमा चुकीच्या दिशेने गेल्या. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील नमुन्यांची बारकाईने तपासणी करून हा नमुना प्रत्यक्षात १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला, पुढे चोरून नव्या चिठ्ठीसह मांडलेला असल्याचे दाखवून दिले. खोटी नोंद बाजूला सारून खऱ्या जुन्या ठिकाणांकडे मोर्चा वळवल्यावर, नोव्हेंबर १९९७ मध्ये, त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या रानात हा पक्षी भर दिवसा झाडावर बसलेला दिसला. डेव्हिडसन यांच्या १८८४ मधील नमुन्यानंतर तब्बल ११३ वर्षांनी लागलेला हा शोध जितका दुर्बिणीचा होता तितकाच कागदांच्या छाननीचा होता. एका असत्य नोंदीने एक पक्षी अनेक दशके दृष्टीआड ठेवला, यावरून साध्या, प्रामाणिक नोंदीचे मोल किती असते हे समजते.

तथापि शोध लागणे म्हणजे वाचणे नव्हे, हेही याच पठाराने शिकवले आहे. सोलापूरजवळच्या नान्नज येथे १९७२ च्या सुमारास पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांच्या नजरेला माळढोक पडले, आणि उघड्या माळावर राहणारा हा मोठा, जड अंगाचा पक्षी एकाएकी चर्चेचा विषय झाला. १९७९ मध्ये सोलापूर व तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे, शेते, रस्ते आणि बाजारपेठाही आल्या. लोकांच्या दैनंदिन व्यवहारावर निर्बंध आले, त्यातून रोष निर्माण झाला, आणि पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटवावे लागले. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. ज्यांच्या शेजारी पक्षी राहत होता त्यांना सोबत न घेता नुसती सीमारेषा आखली, तर ती पक्ष्याला आणि माणसाला दोघांनाही जाचक ठरते, हा या अनुभवाचा निष्कर्ष आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा वन्यजीवांविषयीची आस्था ही गावाच्या सुरक्षिततेपासून वेगळी काढता येत नाही, हे बीड जिल्ह्यानेही अनुभवले आहे. गुरे मारली गेल्यास वेळेवर भरपाई, रात्री शेतात पाणी देणाऱ्यासाठी दिवसा वीज, आणि प्राण्याच्या वावराची खरी माहिती तत्काळ गावापर्यंत पोचवणारी यंत्रणा या गोष्टी संवर्धनाच्या बाहेरच्या मानता येणार नाहीत.

गावकऱ्यांना सोबत घेण्याचा पहिला टप्पा म्हणजे त्यांना जे ठाऊक आहे ते ज्ञान म्हणून स्वीकारणे. मराठीतील ज्येष्ठ निसर्गलेखक आणि वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर पारधी, गोंड, ढीवर अशा समाजांतील जाणकारांकडून पक्ष्या-प्राण्यांची नावे व सवयी समजून घेतल्या आणि 'पक्षिकोश' सारख्या ग्रंथांत त्या जतन केल्या. त्यांच्या कार्याचे महत्त्व असे की, रानात वावरणाऱ्यांचे निरीक्षण त्यांनी शास्त्राच्या बरोबरीने बसवले. बालाघाटावरही तितराची जोडी कोणत्या बांधाआड अंडी घालते, रातवा कोणत्या वाटेवर संध्याकाळी बसतो, साळिंदराचे काटे कोणत्या घळीत सापडतात, तरस कोणत्या कपारीत राहते, उन्हाळ्यात कोणता झरा शेवटपर्यंत टिकतो, हे सांगू शकणारी माणसे आहेत. त्यांचे ज्ञान तोंडी असल्यामुळे ते पिढीबरोबर संपते, आणि मग पुढच्या पिढीला तेच प्राणी नव्याने, आश्चर्याने भेटतात.

या तोंडी ज्ञानाला कागदावर आणण्यासाठी वेगळा कायदा करण्याची आवश्यकता नाही. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. ही नोंदवही म्हणजे गावाच्या हद्दीतील वनस्पती, प्राणी, पाणवठे, चराईची राने आणि त्यांच्याशी निगडित लोकज्ञान यांचा गावानेच ठेवलेला दस्तऐवज. माधव गाडगीळ यांच्यासारख्या अभ्यासकांनी या कल्पनेला आकार दिला तेव्हा ती जिवंत, वर्षागणिक भरत जाणारी वही असावी असे अभिप्रेत होते. एकदा बाहेरच्या माणसाकडून भरून घेऊन कपाटात ठेवलेल्या नोंदवहीने तो हेतू साधत नाही. अंबाजोगाई हे शिक्षणाचे जुने केंद्र आहे. येथील शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आसपासच्या गावांतील मेंढपाळ व शेतकरी यांच्यासोबत ऋतूमागून ऋतू एकाच माळाची, एकाच घळीची पाहणी केली, पाऊलखुणा, विष्ठा, घरटी आणि आवाज तारीख-ठिकाणासह टिपले, खात्री नसलेली ओळख तशीच खात्री नसलेली म्हणून लिहिली आणि लांडग्याच्या बिळासारख्या नाजूक जागांचा पत्ता जाहीर होऊ दिला नाही, तर काही वर्षांत या रांगेचे असे चित्र उभे राहील की, तेथे प्रकल्प आखणाऱ्याला जमीन रिकामी आहे असे सहजासहजी म्हणता येणार नाही.

अशा नोंदींमुळे आश्चर्य संपेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. वाघ पुन्हा एखाद्या वाटेने येईल, दगडावरच्या सरड्यात आणखी एखादा भेद सापडेल, वर्षानुवर्षे न दिसलेला पक्षी एखाद्या हिवाळ्यात उतरेल. मात्र त्या वेळी पाहणाऱ्याला तो कोण आहे, कोठून आला असावा आणि त्याला काय लागते हे समजेल, आणि आजच्या कुतूहलाची जागा जाणत्या आस्थेने घेतलेली असेल. मुकुंदराजांनी मराठी भाषेवर विश्वास ठेवून तत्त्वज्ञानाची मांडणी ज्या भूमीत केली असे मानले जाते, त्या भूमीतील माणसांनी आपल्या डोंगराच्या रहिवाशांची वही आपल्याच भाषेत लिहावी, आणि ती पडीक या शिक्क्याच्या विरोधात ग्रामसभेच्या टेबलावर पुरावा म्हणून ठेवावी, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.